काठमांडूला रेल्वे आधी की फास्ट ट्रॅक? बोगद्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं उत्तर

आधी प्रश्न सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. काठमांडूत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा करणारे आपल्या विट्याकडचे एक भाऊ आहेत, बरीच वर्षं तिकडेच आहेत. त्यांच्या घरात रोज जेवताना वाद होतो. मुलाचे नेपाळी मित्र म्हणतात चीनची केरुंगची (केरुंग म्हणजे नेपाळ सीमेजवळचं तिबेटमधलं शहर) रेल्वे आली की भारताच्या तोंडाकडे बघायची गरज संपली. घरमालक म्हणतात रेल्वेचं राहू द्या, आधी फास्ट ट्रॅक, म्हणजे काठमांडूहून खाली सपाटीला उतरणारा चार लेनचा नवा रस्ता, पुरा करा. आणि भाऊंचं स्वतःचं मत असं की बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलवरून ट्रेन आली तर गावाकडचा प्रवास दोन दिवसांनी सोपा होईल, म्हणून तीच आधी हवी. त्यांनी मला लिहिलं, "साहेब तुम्ही कोकणापासून काश्मीरपर्यंत बोगदे खणलेत, नेपाळही बघितलंय, राजकारण बाजूला ठेवून सांगा कोणाचं बरोबर. आणि पोरगा सिव्हिलला आहे, त्याने या कामांत पडावं का तेही सांगा."

भाऊ, माझं मत आधीच सांगून टाकतो मग कारणं देतो. तुमच्या घरमालकांचं बरोबर आहे. फास्ट ट्रॅक पुरा करावा, रेल्वे तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पक्की करावी, रक्सौल-काठमांडूचा डोंगरातला भाग त्यानंतर, आणि केरुंगचा अभ्यास चालू ठेवावा पण त्याच्या भरवशावर आत्ता कसलंही कर्ज उचलू नये. असा क्रम लावायचं कारण चीन-भारत नाही. काठमांडूत रोज काय वजन चढतं आणि उतरताना काय वजन उतरतं, तो हिशोब केला की क्रम आपोआप असाच लागतो. आणि हा हिशोब सोडून बाकी सगळ्यावर वाद चाललाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण त्याआधी एक गोष्ट आपण भारतीयांनी मान्य करायला हवी. नेपाळी माणूस उत्तरेची रेल्वे मागतो तेव्हा तो फक्त रेल्वे मागत नसतो. 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला, घरं पडली, आणि पाच महिन्यांत सप्टेंबरपासून सीमेवर नाकेबंदी सुरू झाली ती थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. भारत सरकार म्हणत होतं की रस्ता तराईतल्या मधेशी आंदोलकांनी अडवलाय, पण काठमांडूत चुलीवर लाकडं जाळून भात शिजवणाऱ्या बाईच्या लेखी दोष भारताचाच होता. 1989 ला पण असंच झालं होतं, त्यामुळे जुन्या लोकांची जखम नव्याने उघडली. लगेच मार्च 2016 मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली चीनला गेले आणि ट्रान्झिटचा, म्हणजे चीनमधून माल नेण्या-आणण्याचा, करार करून आले. केरुंग रेल्वेची मागणी या सगळ्यातून आलीय. ज्याच्या घराला एकच दार आहे आणि ते दुसऱ्याच्या अंगणात उघडतं, तो मागच्या भिंतीला दार पाडायचं म्हणणारच. मी तिथे असतो तर मीही म्हणालो असतो. फक्त ती भिंत कशाची आहे हे आधी बघावं लागतं.

आता चढाचं गणित बघू, कारण रेल्वेचं नव्वद टक्के भवितव्य तिथे ठरतं. रक्सौल समुद्रसपाटीपासून जेमतेम 80 मीटरवर आहे, काठमांडू तेराशे-चौदाशे मीटरवर. म्हणजे साधारण 1,250 मीटर चढायचं. मालगाडीला नुसतं सपाट रुळावर ओढायला दर टनाला दोन-तीन किलो जोर लागतो. शंभरात एक चढ आला की त्यात अजून दहा किलो वाढतात. आणि आपल्या बोरघाटासारखा 37 ला एक चढ असेल तर सत्तावीस किलो. म्हणजे सपाटीला जे इंजिन आरामात ओढतं त्याला घाटात दहापट जोर लागतो. म्हणूनच कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात ना, ते लोणावळ्यापर्यंत ढकलतात, आणि तिथे तर चढ जेमतेम साडेपाचशे मीटरचा आहे! काठमांडूला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त चढायचंय. शंभरात एक चढ ठेवायचा तर फक्त चढण्यासाठी 125 किलोमीटर लांबी पाहिजे, आणि रक्सौलपासूनचे पहिले तीस-चाळीस किलोमीटर तराईतले सपाटच आहेत, तिथे उंची मिळतच नाही. सुरुवातीच्या सर्व्हेत रक्सौल-काठमांडूची लांबी 136 किलोमीटरच्या आसपास आली. सरळ रेषेत अंतर त्याहून खूप कमी आहे, बाकीची लांबी ही डोंगरात वळसे घेऊन उंची कमावण्यासाठी आहे. हे ज्याला कळलं त्याला कळतं की "दोन तासांत काठमांडू" असं बोलणं किती सोपं आणि करणं किती महाग.

हा रक्सौल-काठमांडूचा फायनल लोकेशन सर्व्हे, म्हणजे लाइन नेमकी कुठून जाणार ती पाहणी, आपल्या कोकण रेल्वेने केलाय बरं का. एप्रिल 2018 मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी ही रेल्वे जाहीर केली, ऑक्टोबर 2021 मध्ये सर्व्हेचा करार झाला. कोकण रेल्वेलाच का? कारण डोंगर, दरी, पाऊस आणि दरड या चारही गोष्टी एकत्र हाताळायचा अनुभव आपल्याकडे त्यांच्याइतका फार कोणाकडे नाही. पण कोकण रेल्वेचा रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे लाइनवरचा कमाल चढ, 150 ला एक आहे, म्हणजे तिथे आम्ही डोंगर चढलोच नाही, समुद्राला धरून डोंगर पोखरत गेलो. हिमालयात चढावं लागतं. दोन्हींत फरक आहे.

बोगद्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, माफ करा, पण हा माझा विषय आहे आणि यावरच सगळा खर्च जातो. लोकांना वाटतं बोगद्याला लांबी महत्त्वाची. खडक महत्त्वाचा असतो. कोकणात करबुडे साडेसहा किलोमीटरचा, काळा कातळ, तो झाला. आणि गोव्यात पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा, त्याने रडवलं. तिथे खडक नव्हताच, पाण्याने भिजलेली लाल-पांढरी शाडूसारखी माती होती. अर्धा मीटर पुढे जायचं, वरून माती पिठासारखी सुटायची, जाळी लावायची, शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) मारायचं, सकाळी येऊन बघावं तर मातीने परत तोंड बुजवलेलं. माणसं दगावली. 1990 ला सुरू झालेली लाइन 26 जानेवारी 1998 ला अखंड सुरू झाली, त्यात या एका बोगद्याने किती वाट बघायला लावली ते तिथे असलेल्यांना विचारा. आणि तेवढ्यावर संपत नाही, जुलै 2024 मध्ये त्याच पेडण्याच्या बोगद्यात चिखलपाणी शिरलं आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. सव्वीस वर्षांनी! म्हणजे बोगदा बांधून झाला की खर्च संपला असं कधीच होत नाही, त्याला जन्मभर सांभाळावं लागतं.

नेपाळात तराईतून वर निघालात की आधी चुरे लागतो, ज्याला आपण शिवालिक म्हणतो. तो डोंगर म्हणजे नीट घट्ट न झालेला वाळूचा दगड आणि गोटे, हातोडी मारली की भुगा. तो संपला की महाभारत रांग, आणि दोघांच्या मध्ये मोठा भ्रंश, जिथे खडक चुरडून पीठ झालेलं असतं. मी हेटौड्याच्या वर एका कटिंगमध्ये हाताने खडक उपटून बघितलाय, ओल्या बिस्किटासारखा हातात आला. पन्नास पावलं पुढे तोच खडक घण मारला तरी फुटत नव्हता. पन्नास पावलांवर डिझाइन बदलावं लागतं अशी ती जमीन. काश्मीरची उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला लाइन बघा, 272 किलोमीटर, भारतासारख्या देशाचे पैसे, माणसं, मशीनं सगळं मागे उभं, 2002 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाला आणि अखंड गाडी धावली ती जून 2025 मध्ये. नेपाळने हे आपल्या एकट्याच्या तिजोरीवर करायचं म्हटलं तर काय होईल याचा विचार करा.

नेपाळला बोगदे जमत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये, ते खोटं आहे. भेरी-बबईचा बारा किलोमीटरचा पाण्याचा बोगदा टीबीएमने, म्हणजे बोगदा पोखरणाऱ्या मशीनने, खणला आणि तो 2019 ला ठरल्या वेळेच्या आधी पार झाला. नागढुंगाचा रस्त्याचा बोगदा, 2.7 किलोमीटरचा, जपानच्या कर्जातून, 2024 च्या एप्रिलमध्ये आरपार झाला. दुसरीकडे मेलम्चीच्या पाण्याने काठमांडूकरांना दशकं वाट बघायला लावली, पाणी आलं 2021 च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये पुराने वरचं बांधकामच गाडून टाकलं. म्हणजे खणणारे हात आहेत, कमी पडतं ते पुढचं-मागचं सगळं. पूर, देखभाल, कंत्राट, कोर्ट.

आता केरुंग. सीमेवरच्या रसुवागढीपासून काठमांडूपर्यंत साधारण 72 किलोमीटर, आणि चिनी प्राथमिक अभ्यासातच लिहिलंय की त्यातले 98.5 टक्के बोगदे आणि पूल असतील. म्हणजे जमिनीवरून धावणारी रेल्वे जवळजवळ नाहीच. केरुंग शहर सुमारे 2,800 मीटरवर आणि काठमांडू त्याच्या निम्म्यावर, म्हणजे उतारही भयंकर. 2022 च्या अखेरीला चिनी अनुदानातून सविस्तर अभ्यास सुरू झाला, तो व्हायलाच हवा, माहिती कधी वाया जात नाही. पण तुमच्या मुलाच्या मित्रांना दोन गोष्टी सांगा. पहिली, चीनच्या बाजूलाही रेल्वे अजून केरुंगपर्यंत आलेली नाही, ल्हासाहून शिगात्सेपर्यंत 2014 ला आली, त्याच्या पुढे कित्येक शे किलोमीटर बाकी आहे. दुसरी, त्या दारातून माल यायचा तर तो चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरातून तीन हजार किलोमीटरच्या वर रुळावर येणार, आणि कोलकात्याहून रक्सौलच्या समोरचं नेपाळचं वीरगंज सातशे किलोमीटर आहे. तिसऱ्या देशातून येणारा माल स्वस्त कुठून पडेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. चीनमध्येच तयार झालेला माल, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, त्याला ही लाइन उपयोगी पडेल हे खरं. आणि नाकेबंदीच्या भीतीवर उपाय म्हणून तिची किंमत आहे हेही खरं. पण तो मार्गही अडतो. भूकंपानंतर चीनच्या सीमेवरचा तातोपानीचा नाका चार वर्षं बंद होता, आणि 8 जुलै 2025 ला तिबेटकडून आलेल्या पुराने रसुवागढीचा मितेरी पूलच वाहून नेला. दुसरं दार असलं तरी त्याच्या उंबऱ्यावरून नदी वाहते.

मग वजनाचा हिशोब. नेपाळची आयात निर्यातीच्या कितीतरी पट आहे. म्हणजे काय, दहा ट्रक भरून वर आले तर एक-दोनच भरून खाली जातात, बाकीचे रिकामे. ट्रकवाला रिकामा परत जाताना डिझेल जाळतो, पण त्याचं नुकसान त्याचं त्याच्यापुरतं. रेल्वेचं तसं नसतं. रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, रिकामा खाली आला तरी रूळ, बोगद्यातले पंखे, पंप, गँगमन, सिग्नल, कर्जाचा हप्ता सगळं तेवढंच चालू. रेल्वे पैसे कमावते ती जड, एकसारखा, रोज येणारा माल दोन्ही बाजूंनी वाहून, कोळसा, सिमेंट, धान्य, खत, लोखंड. काठमांडूतून खाली काय जड माल जातो? गालिचे, पश्मिना, थोडा चहा. वीज जाते, ती तारेवरून. पेट्रोल-डिझेल हा वर जाणारा मोठा जड माल, त्याची तर पायथ्यापर्यंतची सोय आधीच लागली. मोतिहारी-अमलेखगंज 69 किलोमीटरची पाइपलाइन सप्टेंबर 2019 ला सुरू झाली आणि रक्सौलच्या टँकरच्या रांगा हलक्या झाल्या. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत नेपाळच्या वाहतुकीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते. कारण ते वजन बघून केलं.

"नेपाळ चीन आणि भारताच्या मधला पूल होईल, दोघांचा माल आपल्यातून जाईल" असं काठमांडूत खूप ऐकलं. ऐकायला छान वाटतं, मलाही वाटलं होतं. पण भारत-चीन व्यापाराचा बहुतेक माल जहाजाने जातो आणि जहाज इतकं स्वस्त आहे की हिमालय पोखरून केलेली रेल्वे भाड्यात त्याच्या जवळपासही येणार नाही. शिवाय चीनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1,435 मिलिमीटर, आपला 1,676. दोन्ही लाइनी काठमांडूत येऊन मिळाल्या तरी डबा तसाच पुढे जाणार नाही, माल उतरवून परत चढवावा लागणार.

लाओसचं उदाहरण सगळे देतात म्हणून सांगतो. चीनच्या सीमेपासून विएंटियानपर्यंत 400 किलोमीटरच्या वर लाइन, डिसेंबर 2021 ला सुरू झाली, सुमारे 6 अब्ज डॉलर खर्च, गाडी छान धावते, लोक खुश आहेत. पण लाओसच्या पलीकडे थायलंड आहे, ज्याचा माल चीनला जायचा असतो. तो दुसरा गिऱ्हाईक आहे म्हणून ती चालते, आणि तरीही कर्जाचं ओझं लाओसला जड जातंय. इथिओपियाची गोष्ट नेपाळच्या जास्त जवळची. तोही समुद्र नसलेला देश, अदिस अबाबा ते जिबूती बंदर 750 किलोमीटर, विजेवर चालणारी नवीकोरी रेल्वे, 2018 ला व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी कर्ज फेडायची मुदत 10 वरून 30 वर्षांवर न्यावी लागली. तिथेही आयात भरपूर, निर्यात थोडी, डबे वर भरून जायचे आणि बंदराकडे रिकामे यायचे. आणि तिथे तर बंदरापर्यंत थेट रूळ होते!

म्हणून मी म्हणतो रस्ता आधी. पण आज रस्त्याची अवस्था काय आहे ती ज्याने बसमधून बघितलीय त्याला माहितीय. काठमांडूला तराईशी जोडणारा त्रिभुवन राजपथ 1956 चा, दामनला अडीच हजार मीटरच्या जवळ चढून परत उतरतो. त्यामुळे बहुतेक गाड्या नारायणगढ-मुग्लिनवरून लांबचा वळसा घेतात. त्या रस्त्यावर 12 जुलै 2024 ला पहाटे सिमलतालला दरड आली आणि दोन बस साठहून जास्त माणसं घेऊन त्रिशूलीत गेल्या. अडीच महिन्यांनी, सप्टेंबरच्या शेवटी, नौबिसेजवळ झ्याप्लेखोलाला थांबलेल्या गाड्यांवर दरड कोसळली, तीसच्या वर माणसं गाडीत बसल्या जागी गेली. मी त्या मुग्लिनच्या रस्त्याने चार-पाच वेळा गेलोय, एकदा दरडीपुढे सात तास थांबलो. आमच्या पुढे कोंबड्यांचा ट्रक होता, ड्रायव्हर बाटलीने एकेका पिंजऱ्यावर पाणी मारत होता, मागे एक बाई डायलिसिसला काठमांडूला निघालेली. तुम्ही रोजच्या रोज हा रस्ता वापरता, मी तुम्हाला काय सांगणार. पण मुंबई-दिल्लीत बसून रेल्वेचे नकाशे काढणाऱ्यांनी एकदा तिथे थांबून बघावं असं फार वाटतं.

फास्ट ट्रॅक म्हणजे काठमांडूजवळचं खोकना ते तराईतलं निजगढ, सुमारे 71 किलोमीटर, चार लेन. एकेकाळी एका भारतीय कंपनीच्या गटाला देणार होते, पण गाड्या कमी आल्या तर नेपाळ सरकारने कमाईची भरपाई द्यायची अशी अट होती, त्यावरून गदारोळ झाला, सुप्रीम कोर्टाने 2015 ला थांबवलं, मग सरकारने ठरवलं आपणच करू, आणि मे 2017 मध्ये काम नेपाळी सेनेला दिलं. माझ्या मते कोर्टात जाणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. गरीब देशाने वाहतुकीचा धोका स्वतःकडे घ्यायचा आणि टोल कंपनीकडे, हा सौदा बरोबर नव्हता. पण सेनेला काम देताना चार वर्षांत होईल असं सांगितलं, ते कुठल्याही बोगदेवाल्याने ऐकलं असतं तर मान हलवली असती. अंदाज 17,500 कोटी नेपाळी रुपयांवरून 21,000 कोटींच्या वर गेला, बोगदे वाढले. पण बोगदे वाढले ते चांगलंच झालं! आधी जिथे डोंगर कापून उघडे उतार ठेवणार होते तिथे आत शिरले. चुऱ्यातला उघडा कापलेला उतार म्हणजे दर पावसाळ्याला दरडीचं आमंत्रण. कोकणात आम्ही उंच कटिंग ठेवली आणि 2003 ला वैभववाडीजवळ दरडीवर गाडी गेली, किती माणसं गेली, मग पुढची कित्येक वर्षं जाळ्या, भिंती, उतार कमी करणं हेच चाललं. तो धडा महाग होता, दुसऱ्या कोणी परत तो द्यायला नको.

पण फास्ट ट्रॅकचं सगळ्यात अवघड काम बोगद्यात नाही, खोकन्यात आहे. खोकना आणि बुंगमती ही काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांची जुनी गावं. खोकन्यात मोहरीचं तेल पिढ्यानपिढ्या लाकडी घाण्यावर काढतात, युनेस्कोच्या संभाव्य यादीत हे गाव 1996 पासून आहे. मी गेलो तेव्हा एक आजोबा गिरणीच्या दारात बसले होते, आत मोहरी भाजल्याचा वास, लाकडाच्या दोन प्रचंड तुळयांमध्ये पिळून तेल काढत होते. मी रस्त्याचा माणूस आहे कळल्यावर त्यांनी फक्त हात करून शेत दाखवलं आणि आत निघून गेले. त्या एका गावाच्या जमिनीतून फास्ट ट्रॅक, बाहेरचा रिंग रोड, विजेची मोठी लाइन आणि नवं शहर, इतकं सगळं आखलेलं. सिकाली देवीच्या जत्रेची जागा, गुठीची (देवस्थानाच्या सामाईक ट्रस्टची) जमीन, स्मशान, सगळ्याचा प्रश्न. पोलिसांशी झटापटही झाली. आणि काठमांडूत लोक म्हणतात "चार लोकांसाठी देशाचा रस्ता अडलाय."

इथे मला आपला गोवा आठवतो. कोकण रेल्वे गोव्यात आली तेव्हा अलाइनमेंटवरून, म्हणजे लाइन कुठून न्यायची त्यावरून, असाच वाद पेटला होता, खाजन शेती, जुनी गावं, चर्चच्या आसपासच्या जागा, लोक रस्त्यावर उतरले. 1993 मध्ये काम थांबलं आणि न्यायमूर्ती ओझांची एकसदस्यीय समिती नेमली. आम्ही इंजिनिअर लोक तेव्हा चिडलो होतो, वाटलं वेळ वाया जातोय. आज मागे वळून बघताना वाटतं तो वेळ वाया गेला नाही. अलाइनमेंट फार बदलली नाही, पण कोणीतरी बसून गावकऱ्यांचं ऐकलं, कागदावर उत्तर दिलं, त्यानंतर काम पुढे गेलं. बाकी ठिकाणी आमचे लोक जमीनमालकाच्या ओटीवर जाऊन बसायचे, घर जाणार असेल तर दुसरं घर उभं राहीपर्यंत पाठपुरावा करायचे. खोकन्यात सुरुवातीचे थोडेच किलोमीटर आहेत. तिथे रस्ता गावाबाहेरून सुरू करा, नाहीतर शेताखालून बोगदा न्या. महाग पडेल. पण इतकी वर्षं अडकून पडल्याचं व्याज मोजलं तर तेही महागच पडतंय. दुसऱ्या टोकाचंही तसंच. निजगढचं मोठं विमानतळ धरून हे टोक ठरलं होतं आणि मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने जंगलाच्या कारणाने तो निर्णयच रद्द केला. रस्त्याला विमानतळाशिवायही काम आहे, पण टोलचं गणित आता नव्याने मांडायला हवं, जुन्याच आकड्यांवर ओढत नेऊ नये.

आणि रेल्वे? तराईत रेल्वे लगेच करावी, त्यात दुमत नाही. सपाट जमीन, कारखाने तिथेच, सिमेंट-लोखंड-धान्य तिथेच, वीरगंजच्या सिर्सियाच्या सुक्या बंदरापर्यंत (कंटेनर उतरवायच्या डेपोपर्यंत) ब्रॉडगेज 2004 पासून चालू आहे आणि कंटेनर थेट बंदरातून येतात. तिथून हेटौडा-निजगढच्या बाजूला फाटा न्या, तिथे मोठं यार्ड करा, माल रुळावरून पायथ्यापर्यंत, पुढे फास्ट ट्रॅकवरून दीड-दोन तासांत वर. पूर्व-पश्चिम रेल्वेचं बर्दिबास-निजगढ बाजूचं काम रेंगाळतंय ते पुरं करा. डोंगरावर रूळ चढवायचे तेव्हा चढवू, वजन वाढेल तेव्हा.

भाऊ, तुमच्या रक्सौल ट्रेनबद्दल नाराज होऊ नका. प्रवाशांसाठी ती छानच होईल. पण ट्रेन आणणं आणि ट्रेन चालवणं यात फरक किती असतो ते बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरला जाणाऱ्या लाइनने दाखवलं. तिथे जुनी छोट्या गेजची गाडी 1937 पासून होती, 2014 ला बंद झाली. भारताच्या मदतीने ब्रॉडगेज झालं, कोकण रेल्वेकडून दोन नवे डेमू (डिझेलवर चालणाऱ्या लोकलसारख्या गाड्यांचे) रेक सप्टेंबर 2020 ला पोचले. आणि गाडी सुरू कधी झाली? 2 एप्रिल 2022. मधलं दीड वर्ष ते दोन्ही रेक इनर्वा स्टेशनात ताडपत्री पांघरून उभे, कारण रेल्वे चालवायचा कायदा नव्हता, माणसं भरलेली नव्हती, ड्रायव्हर-गार्ड नव्हते. जनकपूरला मला एक मुलगा भेटला होता, त्याला पॉइंट्समनचं (गाडीसाठी रूळ बदलणाऱ्याचं) ट्रेनिंग हवं होतं आणि कुठे अर्ज करायचा तेच कळत नव्हतं. आज ती गाडी कुर्था मार्गे पुढे बिजलपुऱ्यापर्यंत जाते, लोक भरभरून बसतात, पण तिकिटातून खर्च निघत नाही. सपाट जमिनीवरची ही पन्नास-बावन्न किलोमीटरची लाइन आधी नेपाळच्या स्वतःच्या माणसांच्या हातात नीट बसू दे. वर्कशॉप उभं राहू दे, रूळ तपासणारी गँग तयार होऊ दे. डोंगरातल्या रेल्वेची खरी तयारी तीच आहे. डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, कोणीही पैसे देऊन करून घेतो, गँगमन विकत मिळत नाही.

आता तुमच्या मुलाचं. त्याने या कामांत जरूर पडावं, आणि आत्ताच पडावं. काठमांडूत वाढलाय, नेपाळी बोलतो, मराठी-हिंदी येते, अशी माणसं आम्हाला साइटवर शोधून सापडायची नाहीत. फक्त स्ट्रक्चरच्या मागे पळू नकोस म्हणावं, सगळे तिकडेच पळतात. इंजिनिअरिंग जिऑलॉजी आणि रॉक मेकॅनिक्स मन लावून कर. सुट्टीत नागढुंग्याला जाऊन पोर्टल, म्हणजे बोगद्याचं तोंड, बघ, परवानगी काढून आत जाता आलं तर भिंतीतून पाणी कुठून आणि कोणत्या रंगाचं येतंय ते वहीत लिही. गढूळ पाणी दिसलं की तिथे माती वाहतेय असं समज आणि लगेच कोणाला तरी सांग, पेडण्यात आम्ही हे उशिरा शिकलो. फेस मॅपिंग, म्हणजे खणलेल्या तोंडावरच्या खडकाचा नकाशा, हाताने काढायला शीक, मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. आणि खोकन्याला एकदा जाऊन ये, बॅचच्या दोन-चार पोरांना घेऊन, त्या तेलाच्या गिरणीत बस, तिथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोल. उद्या तूच कुठल्यातरी गावात खुंट्या मारायला जाशील तेव्हा आधी कोणाच्या ओटीवर जायचं ते तुला माहीत असेल. पास झाला की मला कळवा, तराईतल्या एका साइटवर जुने सहकारी आहेत, शब्द टाकतो.